घर विकण्याआधी कशावर खर्च करावा? कोथरूडच्या एका जुन्या फ्लॅटच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमध्ये १९९६ सालच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके, कार्पेट ६४० चौरस फूट. वडील गेले, आई आता मुलाकडे राहते, फ्लॅट वर्षभर बंद आहे. बहिणीचं म्हणणं, आठ लाख घालून मॉड्युलर किचन, दोन्ही बाथरूम आणि हॉलला फॉल्स सीलिंग करून घेऊ, म्हणजे पंधरा लाख जास्त येतील. भावाचं म्हणणं, आहे तसा विकून मोकळे होऊ. मागच्या बेडरूमच्या भिंतीला ओल आहे. आता मे संपत आलाय, काय करावं?

आठ लाख घालू नका, आणि आहे तसाही विकायला काढू नका. दीड लाखाच्या आसपास खर्च करा आणि त्यातला पहिला रुपया त्या ओल्या भिंतीवर जाऊ द्या. गेली बावीस वर्षं पुण्यात जुन्या फ्लॅटची दुरुस्तीची कामं आणि रीसेलचे व्यवहार मी करते. त्यातून बनलेलं हे मत आहे. का ते सविस्तर सांगते.

जुना फ्लॅट घेणारा बहुतेक वेळा कर्ज काढूनच येतो, आणि ताईंचा हिशेब इथेच चुकतो. बँक आपला व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, पाठवते. तो कार्पेट मोजतो, इमारतीचं वय बघतो, मंजूर नकाशा मागतो, त्याच भागातले अलीकडचे व्यवहार बघतो. तुमच्या ट्रॉल्या कोणत्या कंपनीच्या आहेत हे त्याच्या रिपोर्टात येत नाही. आलंच तर ‘आतली स्थिती चांगली’ एवढी एक ओळ येते. हिशेबासाठी धरू की फ्लॅटचा भाव ८५ लाख आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते. म्हणजे ६८ लाख कर्ज आणि १७ लाख घेणाऱ्याचे स्वतःचे. आता तुम्ही किचन-बाथरूम केलंत आणि ९२ लाख मागितलेत. व्हॅल्युअरने ८५च धरले तर कर्ज ६८ लाखच राहतं, आणि वरचे सात लाख त्या माणसाला पूर्णच्या पूर्ण खिशातून घालावे लागतात. शिवाय पुण्यात स्टँप ड्यूटी सात टक्के, म्हणजे त्या सात लाखांवर आणखी ४९ हजार. स्टँप ड्यूटी आणि नोंदणी फीसाठी कर्ज मिळत नाही, हे तर सगळ्यांना माहीत आहे. जमवाजमव करून कसेबसे १७ लाख उभे करणाऱ्या नवरा-बायकोला तुमचं किचन आवडतं, पण त्यांना ते झेपत नाही. तेच किचन ताबा घेतल्यावर ते सवडीने, हप्त्यावर आणि स्वतःच्या पसंतीने करून घेऊ शकतात.

पसंतीचंही सांगते, कारण आपल्याकडे जुना फ्लॅट घेणारी माणसं सहसा ओट्यापासूनच सुरुवात करतात. आठ-दहा वर्षांपूर्वी सहकारनगरमध्ये एका काकूंनी घर विकायचं ठरल्यावर चार लाखांचं किचन करून घेतलं, वाइन रंगाचं चकचकीत लॅमिनेट लावून. मी नको म्हटलं होतं, पण काम आधीच सुरू झालं होतं. ज्यांनी फ्लॅट घेतला त्यांच्या घरातल्या सासूबाईंना स्वयंपाक करताना तोंड पूर्वेला हवं होतं. ताबा मिळाल्यावर आठवड्याच्या आत ओटा फुटला. काकूंच्या नावाने आलेली टपालं घ्यायला मी गेले, तेव्हा त्या ट्रॉल्या पार्किंगमध्ये स्कूटरला टेकवून ठेवलेल्या होत्या. एकीवरचं कंपनीचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. काकूंना मी ते कधी सांगितलं नाही.

म्हणून किचन, वॉर्डरोब, फॉल्स सीलिंग, वॉलपेपर यांपैकी काहीही विकण्यासाठी म्हणून करू नका. फॉल्स सीलिंगचं तर उलटंच होतं. जुन्या इमारतीत आधीच उंची बेताची, त्यात ती आणखी कमी होते, आणि जाणती माणसं विचारतात, वर काय झाकलंय? वॉलपेपरचंही तसंच.

आता ओल. यावर जरा वेळ घेते, कारण तुमचा व्यवहार याच भिंतीवर अडणार आहे.

घर बघायला चौघं आली तर त्यांत एक तरी वडीलधारा माणूस असतो, मुलीचे वडील नाहीतर काका. बाकीचे बाल्कनीतून काय दिसतं ते बघत असतात, हे मात्र सरळ बाथरूम आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीपाशी जातात. तळहात सपाट टेकवतात, थोडा वेळ तसाच ठेवतात. मग बाथरूममध्ये जाऊन बोटाच्या पेराने फरशी वाजवतात. घट्ट बसलेली फरशी भरीव वाजते, खालून सुटलेली पोकळ. त्यांना कुणी हे शिकवलेलं नसतं. स्वतःच्या घरात एकदा भोगलेलं असतं. पोपडे दिसले की ते काही बोलत नाहीत, पण खाली उतरल्यावर भावातून दोन लाख कमी होतात. काम ४० हजारांचं असतं. तरी त्या माणसाला लबाड म्हणता येत नाही. भिंतीच्या आत काय निघेल हे त्याला माहीत नसतं, म्हणून तो भीतीचे पैसे धरतो. तेच काम तुम्ही करून घेतलंत आणि आधीचे, फोडल्यावरचे, नंतरचे फोटो आणि बिल समोर ठेवलंत, तर ती भीती तुमच्या खिशातून जात नाही.

फक्त रंग मारून ओल झाकू नका, हे हात जोडून सांगते. बाकी सगळं घर मळकट आणि एकच भिंत ताजी पांढरी, हे दारातूनच कळतं. शिवाय ओल्या भिंतीवर पुट्टी आणि इमल्शन टिकत नाही. महिना-दोन महिन्यांत फुगून येतं, तेही बरोबर इसार घेतल्यानंतर आणि ताबा देण्याआधी. मग विश्वास जातो आणि व्यवहारही मोडतो.

आधी पाणी येतंय कुठून ते शोधायचं. तुमच्या बाबतीत एक गोष्ट फार उपयोगाची आहे, ती म्हणजे घर वर्षभर बंद आहे. तुमच्या फ्लॅटचा मुख्य व्हॉल्व्हही बंद होता का? होता आणि तरीही भिंत आज ओली लागतेय, तर ते पाणी तुमच्या बाथरूमचं नाही. वरच्या फ्लॅटचं आहे, बाहेरच्या सामाईक पाइपचं आहे, किंवा बाहेरून मुरलेलं आहे. हात लावल्यावर भिंत कोरडी आणि नुसती भुकटी बोटाला येत असेल, तर ओल जुनी आहे, तुमच्याच बाथरूमची असण्याची शक्यता जास्त, आणि वापर बंद झाल्यावर ती सुकली आहे. अंदाज येत नसेल तर फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून एक दिवस ठेवा. कागदाला आतून घाम आला तर भिंतीत अजून पाणी आहे.

संशय तुमच्याच बाथरूमवर असेल तर नहाणी ट्रॅपचं, म्हणजे जमिनीतल्या पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याचं, तोंड बंद करून जमिनीवर इंच-दोन इंच पाणी भरा आणि २४ तास राहू द्या. पातळी उतरते का बघा, भिंतीची ओल पुन्हा चढते का बघा, आणि खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या छताकडेही बघा. खालच्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे गैरसमज होत नाही. बऱ्याचदा गळती ट्रॅपच्या सांध्यात आणि फरश्यांच्या फटींत सापडते. सगळं न फोडता तेवढा सांधा उकरून, वॉटरप्रूफिंग करून, फटींत इपॉक्सी ग्राउट भरून काम होतं. पाणी खालच्या कोब्यातच मुरलं असेल तर मात्र जमीन फोडून पुन्हा करणं आलं. तेव्हा तेवढं एक बाथरूम नवं करा, साध्या फिकट फरश्या लावून. तो खर्च वेगळा, सव्वा ते दीड लाखापर्यंत जाईल. दुसऱ्या बाथरूमला हात लावू नका.

पाणी बाहेरचं निघालं तर खर्च तुमचा नाही. आपल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती ही सोसायटीची जबाबदारी आहे. वरच्या सभासदाच्या संडास-बाथरूममधून येत असेल तर त्या सभासदाची. सेक्रेटरींना लेखी पत्र द्या, पोच घ्या. विकायच्या घाईत लोक ही पायरी वगळतात आणि दुसऱ्याचं काम स्वतःच्या पैशाने करतात.

उगम बंद झाल्यावर डागाच्या कडेपासून चांगलं फूटभर पुढेपर्यंत प्लॅस्टर विटेपर्यंत काढा आणि भिंत उघडी सुकू द्या. पेंटर म्हणेल दोन दिवसांत करतो. नका करू देऊ.

ओल मिटली की बाकीचं सोपं आहे. बंद घराचा वास मात्र लगेच जायला हवा. वर्षभर बंद असलेल्या फ्लॅटमध्ये दार उघडताच गटाराचा वास येतो आणि लोकांना वाटतं ड्रेनेजच गेलंय. बहुतेक वेळा झालेलं एवढंच असतं की नहाणी ट्रॅपमध्ये जे दोन इंच पाणी सतत उभं असायला हवं ते वाळून गेलेलं असतं. ते पाणीच वास आणि झुरळं अडवतं. दर आठवड्याला प्रत्येक ट्रॅपमध्ये, बेसिनमध्ये आणि कमोडमध्ये पाणी ओता. याला एक पैसा लागत नाही.

लाइटच्या बोर्डात अजून जुने किटकॅट फ्यूज असतील तर ते काढून एमसीबी आणि आरसीसीबी, म्हणजे जास्त भार किंवा गळती झाली की आपोआप वीज तोडणारी बटणं, बसवून घ्या. आजचा घेणारा एसी कुठे लागेल हे विचारतोच. दोन्ही बेडरूममध्ये एसीसाठी वेगळी वायर ओढलेली असेल तर उत्तर देता येतं. गळके नळ, न भरणारा फ्लश, खिडक्यांचे झिजलेले रोलर, अडकणारं लॅच, हे एका प्लंबरचं आणि एका सुताराचं दोन दिवसांचं काम आहे. किचनमध्ये नव्या ट्रॉल्यांऐवजी टाइलवरचा आणि एक्झॉस्ट फॅनवरचा तेलकट चिकटा काढून घ्या. माळे रिकामे करा. तुमची फरशी मोझॅकची असेल, आणि त्या काळातल्या कोथरूडच्या इमारतींत बरीच आहे, तर ती बदलू नका. मशीनने घासून पॉलिश करून घ्या. जुन्या मोझॅकला पॉलिशनंतर जी चमक येते ती बघून लोक वाकून हात लावतात, हे मी कितीदा पाहिलंय.

रंग सगळ्यात शेवटी, सगळ्या घराला एकच फिकट. भिंती आणि छत मिळून रंगाचं क्षेत्रफळ कार्पेटच्या सव्वातीनपटीच्या आसपास येतं. तुमच्याकडे साधारण २,१०० चौरस फूट. पुट्टीच्या डागडुजीसकट साध्या इमल्शनला माझ्याकडे सध्या ५० हजारांच्या आत-बाहेर जातात. ओलीचं काम ४५, बोर्ड आणि वायरिंग २०, किरकोळ दुरुस्ती १५, पॉलिश १२, सफाई ८ हजार. झाले दीड लाख. पेंटरला सांगा, दारावरची वडिलांच्या नावाची पाटी काढून नीट ठेव आणि रंग झाला की परत लाव. घेणाऱ्यांची तिला काहीच हरकत नसते, आणि आईंना बरं वाटेल.

पण यातला एकही रुपया काढण्याआधी एक चौकशी करा: सोसायटीत पुनर्विकासाचं बोलणं कुठवर आलंय? कोथरूड-एरंडवण्यात या वयाच्या बऱ्याच सोसायट्यांत ते चालू आहे. सर्वसाधारण सभेत सल्लागार नेमण्यापर्यंत मजल गेली असेल तर रंगसुद्धा देऊ नका. तेव्हा घेणारा भिंतींना पैसे मोजत नसतो. नोंदलेलं कार्पेट किती, पार्किंग आहे का, समोरचा रस्ता किती रुंद आहे, अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झालंय का, हे विचारतो. रस्त्याच्या रुंदीवर किती बांधकाम मिळेल हे ठरतं, म्हणून तो प्रश्न पहिला येतो. पुनर्विकास नसेल तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागून घ्या. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांनंतर तीन वर्षांतून एकदा करायची असते. तुमची इमारत त्या उंबरठ्यावरच आहे. अहवाल चांगला असेल तर तो घर दाखवताना टेबलावर ठेवा. नव्या किचनपेक्षा तो कागद जास्त काम करतो.

कागदांवरून आठवलं. बाल्कनी हॉलमध्ये घेतलीय का? स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत पाडलीय का? व्हॅल्युअर मंजूर नकाशा हातात घेऊन फिरतो आणि फरक दिसला की लिहितो. मग बँक कर्ज कमी करते, कधी नाकारते. अशा वेळी मी ती भिंत परत बांधून घ्यायला सांगते. खर्च थोडा असतो आणि अडलेला व्यवहार सुटतो. तुमच्याकडे वडिलांच्या पश्चात आई, भाऊ, बहीण असे तिघं वारस आहात. शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनीचं नाव लागलं म्हणजे मालकी एकट्याची झाली असं नाही, विक्रीच्या करारावर तिघांच्याही सह्या लागतील. सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयाचा इंडेक्स टू), मूळ करार, भोगवटा पत्र, सोसायटीचा ना-हरकत दाखला, थकबाकी नसल्याचं पत्र, हे सगळं एका फाइलमध्ये लावा. सोसायटी हस्तांतरणाचे लाख-दोन लाख मागत असेल तर लक्षात ठेवा, महापालिका हद्दीत त्या प्रीमियमची कमाल मर्यादा २५ हजार आहे.

खर्च केला की विक्रीच्या नफ्यावरचा कर वाचतो, असंही तुम्हाला कुणीतरी सांगेल. रंगरंगोटी आणि किरकोळ दुरुस्ती भांडवली सुधारणेत धरली जात नाही. धरली जाणारी पाच लाखांची सुधारणा केलीत तरी साडेबारा टक्क्यांनी कर ६२,५००नेच कमी होतो. त्यासाठी पाच लाख घालण्यात अर्थ नाही. तुमच्यासाठी मोठी गोष्ट वेगळीच आहे. वडिलांनी फ्लॅट एप्रिल २००१च्या आधी घेतलेला असेल तर मूळ किमतीऐवजी १ एप्रिल २००१ची बाजारभावाची किंमत धरता येते. नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून तो दाखला काढून घ्या. २३ जुलै २०२४च्या आधीची मालमत्ता असल्यामुळे इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे महागाईप्रमाणे मूळ किंमत वाढवून न धरता) साडेबारा टक्के किंवा इंडेक्सेशनसह वीस टक्के, यांतलं जे कमी पडेल ते निवडता येतं. दोन्ही आकडे सीएकडून काढून घ्या.

ताईंना अजूनही वाटत असेल की किचन केल्याशिवाय चांगला भाव येणार नाही, तर वाद घालू नका. घर स्वच्छ करा आणि जून सुरू होण्याआधी चार-पाच जणांना आहे तसं दाखवा, किंमत न ठरवता. कोण काय विचारतं ते वहीत लिहा. दोघांनी-तिघांनी एकच गोष्ट विचारली तर तिच्यावर खर्च करायचा. माझ्या अनुभवात तुमच्यासारख्या फ्लॅटला विचारलं जातं ते असं: लिफ्ट आहे का, गाडी कुठे लावायची, ही ओल कसली, पाणी किती वेळ येतं, आनंदनगर किंवा नळस्टॉपच्या मेट्रोला चालत जाता येतं का. ओट्याचा दगड कोणता हे विचारलेलं मला तरी आठवत नाही. लिफ्ट नसेल आणि सोसायटी बाहेरून बसवायला तयार असेल, तर तुमच्या आठ लाखांतला वाटा आनंदाने तिथे द्या. तिसऱ्या मजल्याला त्याचा जेवढा भाव येतो तेवढा दुसऱ्या कशाचाच येत नाही.

आता दिवसांचं गणित. पाऊस तोंडावर आहे, आणि ओल शोधायला ही चांगलीच वेळ आहे. या आठवड्यात प्लॅस्टिकचा कागद लावा, बाथरूममध्ये पाणी भरून बघा. जूनमध्ये पहिले दोन-तीन मोठे पाऊस होऊ द्या आणि प्रत्येकानंतर त्या भिंतीचा आतून आणि बाहेरून फोटो काढा, तारखेसकट. डाग पावसाबरोबर वाढला तर ते फोटो सोसायटीच्या पत्राला जोडा. नाही वाढला तर जुलैत ट्रॅपचा सांधा आणि ग्राउट करून घ्या. प्लॅस्टर काढून ठेवलेली भिंत पावसाळी हवेत सावकाश सुकते, तिला ऑगस्टभर पंखा लावून वेळ द्या. वायरिंग आणि पॉलिश गणपतीच्या आधी उरका. पितृपक्षात नवं घर बघायला फारसं कुणी येत नाही, ते पंधरा दिवस रंगाला पुरेसे आहेत. घटस्थापनेपासून दाखवायला सुरुवात करा, आणि त्या भिंतीसमोर कपाट ठेवू नका.